‘द कॅटाल्पा’ गाण्यामागचा खरा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयरिश लोकसंगीत ऐकणाऱ्यांना ‘द कॅटाल्पा’ हे गाणं कधी ना कधी भेटतंच. चाल डोलायला लावते, शब्द टवाळीचे आहेत आणि मग प्रश्न पडतात: हे खरंच घडलं? कुठे? हे सहा जण कोण? नेहमी येणारे प्रश्न इथे क्रमाने घेतले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एकाच गोष्टीची उजळणी टाळण्यासाठी जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे गाणं नेमकं कशाबद्दल आहे?

ब्रिटिश सरकारने काळ्या पाण्यावर पाठवलेल्या सहा आयरिश कैद्यांच्या सुटकेबद्दल. १७ एप्रिल १८७६ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल तुरुंगातून हे सहा जण निसटले, किनाऱ्यावरून होडीत बसले आणि ‘कॅटाल्पा’ नावाच्या अमेरिकी जहाजावर चढून थेट न्यूयॉर्कला पोचले. कॅटाल्पा हे देवमाशांच्या शिकारीचं जहाज होतं. गाण्यात हा सगळा प्रसंग तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना चिडवत सांगितला आहे: पर्थच्या नौकाशर्यतींचा दिवस विसरू नका, उरलेल्या फेनियनांना (प्रश्न ३ पाहा) नीट सांभाळा, नाहीतर यांकी, म्हणजे अमेरिकी, त्यांनाही पळवतील.

२. म्हणजे दंतकथा नाही?

अजिबात नाही. या घटनेचे सरकारी अहवाल आहेत, दोन्ही बाजूंच्या लोकांच्या आठवणी आहेत, वर्तमानपत्रांतली वर्णनं आहेत. माणसं खरी, जहाजं खरी, तारखा खऱ्या. गाण्याच्या तपशिलात मात्र चुका आहेत, त्या प्रश्न १४ मध्ये.

३. फेनियन म्हणजे कोण?

आयर्लंड इंग्लंडच्या सत्तेतून सशस्त्र मार्गाने मुक्त करायचं आणि तिथे प्रजासत्ताक आणायचं, या उद्देशाने १७ मार्च १८५८ रोजी डब्लिनमध्ये जेम्स स्टीफन्सने गुप्त संघटना स्थापन केली. तीच पुढे आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड म्हणून ओळखली गेली. तिची अमेरिकेतली जोडसंघटना जॉन ओ'माहनीने उभी केली. या सगळ्यांना मिळून लोक फेनियन म्हणत. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं देश सोडून अमेरिकेला गेली होती. उपासमारीची आठवण घेऊन गेलेल्या त्या माणसांमुळे चळवळीला समुद्रापलीकडून पैसा आणि माणसं दोन्ही मिळत राहिलं.

१८६५ मध्ये पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि मार्च १८६७ चा उठाव एका रात्रीत बारगळला.

४. सुटलेले सहा जण कोण होते? त्यांनी गुन्हा काय केला होता?

थॉमस डॅरा, मार्टिन होगन, मायकेल हॅरिंग्टन, थॉमस हॅसेट, रॉबर्ट क्रॅन्स्टन आणि जेम्स विल्सन. सहाही जण ब्रिटिश सैन्यातले शिपाई होते. आयर्लंडमधल्या छावण्यांत तेव्हा हजारो आयरिश तरुण पोटासाठी भरती झालेले होते. जॉन डिव्हॉय नावाच्या संघटकाने त्यांच्यातच गुपचूप शपथविधी चालवले होते. उठाव झाला तर या पलटणी आतून फुटतील, असा हिशेब होता. १८६६ मध्ये हे उघडकीला आलं, लष्करी न्यायालयं बसली आणि या माणसांना फितुरीबद्दल कडक शिक्षा झाल्या. काहींना आधी मृत्युदंड सुनावला गेला आणि नंतर तो जन्मठेपेत बदलला.

मराठी वाचकाने थांबावं अशी एक गोष्ट इथे आहे. हॅरिंग्टन ६१ व्या पायदळ पलटणीतला. ही पलटण १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात इंग्रजांच्या बाजूने लढली होती आणि हॅरिंग्टनची त्या काळातली नोकरी हिंदुस्थानातच झाली. विल्सननेही तरुणपणी हिंदुस्थानात लष्करी चाकरी केली होती. एका देशाला दाबून ठेवायला वापरलेले हे शिपाई आपल्या देशासाठी उठायला निघाले, तेव्हा त्याच साम्राज्याने त्यांना बेड्या घातल्या.

५. कैद्यांना ऑस्ट्रेलियात का पाठवत?

तुरुंग भरलेले होते आणि वसाहतींना फुकट मजूर हवे होते. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले गेले. पूर्वेकडच्या वसाहतींनी हळूहळू कैदी नाकारले. न्यू साउथ वेल्समध्ये १८४० मध्ये हे थांबलं, व्हॅन डायमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात, १८५३ मध्ये. पश्चिम ऑस्ट्रेलियाची कथा उलटी. तिथली वस्ती इतकी विरळ आणि गरीब होती की १८५० पासून तिने स्वतःहून कैदी मागून घेतले. पुढच्या अठरा वर्षांत तिथे साडेनऊ हजारांहून जास्त कैदी उतरले, सगळे पुरुष. रस्ते, पूल, सरकारी इमारती आणि खुद्द फ्रीमँटलचा चुनखडीचा तुरुंग त्यांच्याच हातांनी उभा राहिला.

आपले सहा जण ज्या जहाजाने गेले ते ‘हूगूमाँ’ हे ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारं शेवटचं जहाज ठरलं. ऑक्टोबर १८६७ मध्ये ते इंग्लंडहून निघालं आणि जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटलला लागलं. सुमारे २८० कैद्यांत ६२ फेनियन होते. त्यांतल्या शिकलेल्यांनी वाटेत ‘द वाइल्ड गूज’ नावाचं हस्तलिखित साप्ताहिक चालवलं. त्याचे सात अंक निघाले. डेकखाली, अंधुक उजेडात, एकेका अंकाची एकच प्रत हाताने लिहायची आणि ती मोठ्याने वाचून दाखवायची. कैद्यांच्या जहाजावर निघालेलं असं दुसरं काही मला इतकं हलवत नाही.

६. इतर फेनियनांना माफी मिळाली, मग यांना का नाही?

कारण हे शिपाई होते. १८६९ आणि १८७१ मध्ये सरकारने फेनियन कैद्यांना टप्प्याटप्प्याने माफी दिली. सुटले ते नागरिक: पत्रकार, संघटक, पुढारी. राणीच्या गणवेशात असताना शपथ मोडणाऱ्यांना माफी दिली तर सैन्यात शिस्त उरणार नाही, असं लष्कराचं आणि सरकारचं ठाम मत होतं. त्यामुळे शिपायांना भरती करणारा डिव्हॉय १८७१ मध्ये सुटून न्यूयॉर्कला पोचला आणि त्याच्या शब्दावर शपथ घेतलेले शिपाई पश्चिम ऑस्ट्रेलियात दगड फोडत राहिले.

माझ्या मते या सगळ्या कहाणीचं मूळ इथे आहे. गाण्यात यांकींची बहादुरी ऐकू येते, पण खरी गोष्ट आहे ती एका देण्याची. पुढारी सुटले, साधी माणसं अडकली आणि ज्यांनी त्यांना अडकवलं त्यांनीच खपून त्यांना बाहेर काढलं.

७. सुटकेची कल्पना कुणाची?

मागणी विल्सनची, युक्ती जॉन बॉइल ओ'रायलीची, जबाबदारी डिव्हॉयची.

ओ'रायली हाही फेनियन शिपाई आणि ‘हूगूमाँ’वरचाच कैदी. फेब्रुवारी १८६९ मध्ये बनबरीजवळच्या जंगलातल्या छावणीतून तो एकटा पळाला. फादर मकेब या कॅथलिक धर्मगुरूने त्याला मदत केली. ठरलेल्या पहिल्या अमेरिकी जहाजाला त्याची होडी दिसलीच नाही, मग ‘गझेल’ नावाच्या दुसऱ्या देवमासेमार जहाजाने त्याला उचललं. पुढे तो बोस्टनच्या ‘द पायलट’ या वृत्तपत्राचा संपादक आणि नावाजलेला कवी झाला.

१८७४ मध्ये विल्सनचं चोरून पाठवलेलं पत्र डिव्हॉयच्या हाती पडलं. हा थडग्यातून आलेला आवाज आहे, असं त्याने लिहिलं होतं. डिव्हॉयने ते पत्र त्याच वर्षी जुलैमध्ये क्लॅन ना गेल या अमेरिकेतल्या आयरिश संघटनेच्या अधिवेशनात वाचून दाखवलं. ओ'रायलीचा सल्ला असा होता की युद्धनौका वगैरे नको, देवमासे मारणारं जहाज घ्या. अशी जहाजं वर्षानुवर्षं समुद्रात भटकतात आणि कुठल्याही बंदरात पाणी भरायला थांबतात. त्यांच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

८. पैसा कुठून आला?

अमेरिकेतल्या आयरिश कामगारांच्या वर्गणीतून. गोदीतले हमाल, गिरणी कामगार, मोलकरणी अशांनी दिलेले थोडे थोडे पैसे जमा झाले. त्यातून सुमारे साडेपाच हजार डॉलरला कॅटाल्पा विकत घेतलं गेलं. १८४४ मध्ये बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं, सुमारे २०० टनांचं हे जुनं जहाज होतं. डागडुजी, शिधा आणि शिकारीचं सामान यांचा खर्च वेगळा. वाटेत खरंच देवमासे मारून तेल विकावं आणि थोडा खर्च भरून काढावा, असाही बेत होता. काही तेल मिळालं, पण खर्च भरून निघाला नाही.

हजारो लोकांनी पैसे दिले आणि तरी बातमी फुटली नाही.

९. कॅप्टन अँथनी आयरिश होता का?

नाही. जॉर्ज अँथनी हा मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डचा खलाशी. आयर्लंडशी त्याचं काहीच नातं नव्हतं. घरी बायको आणि लहान मुलगी होती. त्याचा सासरा जॉन रिचर्डसन हा जहाजांचा व्यवहार पाहणारा माणूस, त्याच्यामार्फत डिव्हॉयने विचारणा केली. ओ'रायलीचा ‘गझेल’वरचा दोस्त हेन्री हॅथवे तेव्हा न्यू बेडफर्डमध्ये पोलीस अधिकारी होता, त्यानेही शब्द टाकला. अँथनीने एक दिवस विचार केला आणि हो म्हटलं. पकडला गेला असता तर त्याला ब्रिटिश तुरुंगाची हवा खावी लागली असती. या माणसाने हे का केलं, याचं मोठं भाषण त्याने कधी केलं नाही.

१०. आणि जहाजावरच्या खलाशांना माहीत होतं?

बहुतेकांना नाही. २९ एप्रिल १८७५ रोजी जहाज न्यू बेडफर्डहून निघालं तेव्हा खरा बेत जाणणारे दोघेच होते: अँथनी आणि डेनिस डुगन हा आयरिश सुतार. देवमाशांच्या जहाजांवर तेव्हा असत तसे इथेही अझोर्स बेटांवरचे, पॅसिफिकमधले, मलायी असे नाना देशींचे खलाशी होते. अझोर्समध्ये तेल उतरवताना त्यांतले काही पळूनही गेले. पहिला अधिकारी सॅम्युअल स्मिथ याला अँथनीने समुद्रात असताना विश्वासात घेतलं. तोही आयरिश नव्हता. त्याने साथ दिली आणि आणीबाणीच्या दिवशी जहाज त्यानेच सांभाळलं (प्रश्न १२ पाहा).

११. फ्रीमँटलमध्ये आतून मदत कुणी केली?

जॉन ब्रेस्लिनने. नोव्हेंबर १८६५ मध्ये जेम्स स्टीफन्सला डब्लिनच्या रिचमंड तुरुंगातून बाहेर काढणारा हाच माणूस. तेव्हा तो तिथल्या दवाखान्यात कामाला होता. नोव्हेंबर १८७५ मध्ये तो ‘जेम्स कॉलिन्स’ या नावाने श्रीमंत अमेरिकी व्यापारी बनून फ्रीमँटलला आला. रुबाब असा की बड्या लोकांनी त्याला जवळ केलं आणि खुद्द तुरुंगही हिंडवून दाखवला. त्याचा जोडीदार थॉमस डेझमंड पर्थमध्ये घोडागाड्या बनवण्याच्या कामाला लागला. आयर्लंड-इंग्लंडकडून स्वतंत्रपणे आलेले वॉल्श आणि मकार्थी हे दोघे नंतर त्यांना येऊन मिळाले.

२८ मार्च १८७६ च्या सुमारास कॅटाल्पा बनबरीला पोचलं. ब्रेस्लिन अँथनीला भेटायला तिथे गेला आणि दोघे फ्रीमँटलला परतले ते ‘जॉर्जेट’ या किनाऱ्यावर चालणाऱ्या आगबोटीने. वाटेत अँथनीने त्या बोटीवरूनच किनारा नीट न्याहाळून घेतला. पुढे पाठलागाला आली ती हीच बोट.

ब्रेस्लिनबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तो उतरला होता त्या हॉटेलात काम करणाऱ्या मेरी टोंड्यूट या मुलीला त्याच्यापासून दिवस गेले. तिला सिडनीला जाण्यापुरते पैसे देऊन तो निघून गेला.  शौर्याच्या वर्णनात तिचं नाव सहसा गाळतात, ते मला बरोबर वाटत नाही.

१२. त्या दिवशी नेमकं काय घडलं?

१७ एप्रिल, ईस्टरचा सोमवार. सहाही जण वर्तणूक चांगली म्हणून भिंतीबाहेरच्या कामांवर होते. विल्सन आणि हॅरिंग्टन काम करत होते तिथे सकाळी क्रॅन्स्टन गेला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, गव्हर्नरच्या बंगल्यावर सामान हलवायचंय, या दोघांना घेऊन यायला सांगितलंय. पहारेकऱ्याने सोडलं. इतकं सरळ. बाकीचे तिघेही आपापल्या कामावरून सटकले. शहराबाहेर रॉकिंगहॅमच्या रस्त्यावर ब्रेस्लिन आणि डेझमंड दोन घोडागाड्या घेऊन उभे होते. वॉल्श आणि मकार्थीने तारा तोडल्या.

सुमारे वीस मैल दक्षिणेला रॉकिंगहॅमच्या वाळूवर अँथनी जहाजावरची होडी आणि वल्ही मारणारे गडी घेऊन थांबला होता. लाकडाच्या धक्क्यावर काम करणाऱ्या एका माणसाला हे विचित्र वाटलं. गाड्या भरधाव आल्या, माणसं होडीत शिरली आणि तो माणूस घोड्यावर टाच मारून फ्रीमँटलकडे निघाला.

कॅटाल्पा तिथून कित्येक मैल आत समुद्रात होतं. संध्याकाळी ते नजरेला पडलं तोच वादळ आलं. होडीची डोलकाठी मोडली. एक वल्हंच उभं करून त्यावर शीड बांधलं आणि पंधरा-सोळा माणसांनी रात्रभर उपसून पाणी बाहेर टाकलं. पहाटे समोर जॉर्जेट दिसली, कैद्यांच्या शोधात निघालेली. सगळे होडीच्या तळाशी आडवे पडले आणि आगबोट त्यांना न बघता पुढे गेली. जॉर्जेटने कॅटाल्पाला गाठून आत पाहू द्या म्हणून विचारलं. अँथनी जहाजावर नव्हताच. स्मिथने साफ नकार दिला. कोळसा संपत आल्यामुळे जॉर्जेट फ्रीमँटलला परतली. मग पोलिसांची शिडाची होडी आणि कैद्यांची होडी यांची जहाजाकडे शर्यत लागली. कैदी थोडक्यात आधी पोचले. अठ्ठावीस तास ते उघड्या होडीत होते.

१३. दुसऱ्या दिवशी ‘जॉर्जेट’ने गोळे का झाडले नाहीत?

एक गोळा झाडला होता, कॅटाल्पाच्या पुढून पाण्यात. १९ एप्रिलला सकाळी जॉर्जेट कोळसा, तोफ आणि निवृत्त सैनिकांची तुकडी घेऊन परत आली. पोलीस अधीक्षक स्टोन यांनी कैदी मागितले. अँथनीने डोलकाठीवरच्या अमेरिकी निशाणाकडे बोट दाखवलं: आपण खुल्या समुद्रात आहोत, या जहाजावर गोळी म्हणजे अमेरिकेच्या निशाणावर गोळी.

हे नुसतं धाडस नव्हतं. किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे परक्या देशाच्या जहाजावर जबरदस्तीने चढणं म्हणजे त्या देशाशी भांडण. ब्रिटनने असं भांडण नुकतंच महागात निस्तरलं होतं. अमेरिकी यादवी युद्धात ब्रिटनमध्ये बांधलेल्या ‘अलाबामा’ जहाजाने केलेल्या नुकसानीबद्दल १८७२ च्या जिनिव्हा लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले होते. गव्हर्नर रॉबिन्सन यांनी आंतरराष्ट्रीय तंटा उभा राहील असं काही करू नका, अशी ताकीद दिली होती. जॉर्जेट काही वेळ बाजूने चालत राहिली आणि वळली.

कॅटाल्पाच्या आतल्या माणसांना हे काहीच माहीत नव्हतं. ते हाती लागेल ते हत्यार घेऊन लढायच्या तयारीत बसले होते.

१४. गाण्यात काय चुकलंय?

चार गोष्टी ठळक.

शिक्षेची वर्षं. गाणं म्हणतं सात वर्षं भोगली, सात राहिली. खरं तर ऑस्ट्रेलियातच त्यांना आठ वर्षं होऊन गेली होती आणि अटकेपासून मोजलं तर दहा. पुढे सात वर्षांनी सुटका अशी काही मुदत नव्हती, जन्मठेप होती. केस पिकले हे मात्र खरं. हॅरिंग्टन पन्नाशीच्या घरात होता.

जागा. गाण्यात यांकी जहाज थेट फ्रीमँटलमध्ये शिरून बक्षीस पटकावतं. कॅटाल्पा फ्रीमँटल बंदरात आलंच नाही. ते बनबरीला थांबलं आणि नंतर खोल समुद्रातच राहिलं. पण इथे कवीने शर्यतीचं रूपक धरलंय. नदीत पर्थच्या नावा धावतायत आणि खरी शर्यत भलताच जिंकतो. ही चूक मी आनंदाने माफ करतो.

कर्ता. ‘यांकींनी पळवलं’ हे अर्धसत्य. कॅप्टन आणि निशाण यांकी. पैसा, बेत आणि जोखीम आयरिशांची.

आणि ब्रेस्लिन. ज्याच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं, त्याचं नाव गाण्यात नाही.

जॉर्जेटचा प्रसंग मात्र गाण्याने बरोबर पकडलाय. शूर शिपाई, वर चढलेलं तारकांचं निशाण, हात हलवत परतलेली बोट, हे सगळं प्रश्न १३ शी जुळतं.

१५. शर्यतींचा दिवस मुद्दाम निवडला होता का?

तो दिवस सोयीचा ठरला, हे नक्की. पर्थला नौकाशर्यती होत्या आणि बडे अधिकारी तिकडे होते. पण बेत आधी एप्रिलच्या सुरुवातीचा होता. ‘कॉन्फ्लिक्ट’ ही ब्रिटिश तोफनौका अचानक बंदरात आल्याने तो पुढे ढकलला गेला. ती निघून गेल्यावर सोमवार ठरला.

१६. गाणं कुणी रचलं? आयरिशच म्हणायचं का?

रचणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पण शब्द नीट ऐका. कैद्यांनी ‘इथे’ वर्षं काढली, यांकी ‘इथे’ आला, असं गाणारा म्हणतो. तो डब्लिनमध्ये किंवा बोस्टनमध्ये उभा नाही, पश्चिम ऑस्ट्रेलियात उभा आहे. त्याला पर्थच्या शर्यती माहीत आहेत आणि पहारेकऱ्यांना तो तोंडावर टोमणा मारतो आहे. म्हणून मी याला ऑस्ट्रेलियातल्या आयरिश माणसांचं गाणं म्हणतो. आज ते दोन्ही देशांत गातात आणि दोघेही आपलं समजतात.

१७. त्यावर खरंच बंदी होती?

तशी आख्यायिका आहे आणि गायक ती हटकून सांगतात. फ्रीमँटलच्या गुत्त्यात पोलिसांसमोर हे गायलं तर भांडण होणार, हे सांगायला कायद्याची गरज नाही. बंदीचा हुकूम समोर ठेवून कुणी बोलत असेल तरच ती इतिहास म्हणून घ्यावी.

१८. मागे कुणी राहिलं का?

हो, जेम्स कीली. हाही शिपाई फेनियन आणि फ्रीमँटलचाच कैदी. १८६६ च्या खटल्यांच्या वेळी त्याने साथीदारांची नावं सांगायची तयारी दाखवली होती, असा इतरांचा समज होता. म्हणून त्याला बेतात घेतलंच नाही. सहा गेले, तो राहिला आणि त्याचं उरलेलं आयुष्य पश्चिम ऑस्ट्रेलियातच गेलं. बेत फुटला तर सगळेच अडकणार, हे लक्षात घेतलं तर त्यांचा निर्णय समजतो. तरीही मृत्युदंडाच्या भीतीने हललेल्या एका शिपायाला मिळालेली ही शिक्षा मला न्यायाधीशाच्या शिक्षेपेक्षा कठोर वाटते.

१९. जगाला बातमी कधी कळली?

उशिरा. पश्चिम ऑस्ट्रेलिया तारेने पूर्वेकडच्या वसाहतींशी जोडला गेला डिसेंबर १८७७ मध्ये, म्हणजे सुटकेनंतर दीड वर्षाहून जास्त काळाने. १८७६ मध्ये बातमी जहाजानेच बाहेर जायची. त्यामुळे वॉल्श-मकार्थीने तोडलेल्या तारांचा उपयोग स्थानिक होता, पाठलाग लांबवण्यापुरता. पर्थहून लंडनला इशारा जाईल ही भीती मुळातच नव्हती. १९ ऑगस्ट १८७६ रोजी कॅटाल्पा न्यूयॉर्कला लागलं तेव्हा आयरिश वस्त्यांत जल्लोष झाला.

२०. पुढे या सगळ्यांचं काय झालं?

सहाही जण अमेरिकेत राहिले. ज्याच्या पत्राने सुरुवात झाली तो विल्सन ऱ्होड आयलंडमध्ये स्थायिक झाला आणि विसाव्या शतकातही हयात होता. ओ'रायली १८९० मध्ये गेला. डिव्हॉय १९२८ पर्यंत जगला, म्हणजे आयर्लंडचं स्वतंत्र राज्य त्याने डोळ्यांनी पाहिलं. अँथनीचा मात्र धंदाच गेला. ब्रिटिश बंदरात पाऊल ठेवायची सोय उरली नाही आणि त्याशिवाय देवमाशांचा पाठलाग शक्य नव्हता. नंतर तो न्यू बेडफर्डमध्येच जकात खात्यात नोकरीला लागला. कॅटाल्पा बक्षीस म्हणून त्याला, रिचर्डसनला आणि हॅथवेला देण्यात आलं होतं. जहाजाची अखेर कोळशाची बार्ज म्हणून झाली.

२१. ‘द फील्ड्स ऑफ अथेनराय’ हे याच विषयावरचं पारंपरिक गाणं आहे ना?

पारंपरिक नाही. ते पीट सेंट जॉनने १९७० च्या दशकात लिहिलं. त्यातला मायकेल काल्पनिक आहे, दुष्काळात धान्य चोरून हद्दपार झालेला. ‘ट्रेव्हेल्यनचं धान्य’ मात्र खऱ्या माणसाकडे बोट दाखवतं. दुष्काळात मदतीचा हात आखडता घेणारा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन हा आधी हिंदुस्थानात कंपनीचा नोकर होता आणि १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला.

‘द वाइल्ड कलोनियल बॉय’ची मुळं खऱ्या कैद्यात आहेत असं मानतात: डब्लिनचा जॅक डॉनाहो, १८२५ मध्ये हद्दपार, पुढे दरोडेखोर, १ सप्टेंबर १८३० रोजी सिडनीच्या पश्चिमेला पोलिसांच्या गोळीने ठार. कॅटाल्पाशी दोन्ही गाण्यांचा थेट संबंध नाही.

२२. त्या काळात तिथे फक्त गोरेच कैदी होते का?

नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांचे आभार. फ्रीमँटलच्या समोर समुद्रात रॉटनेस्ट बेट दिसतं. तिथले मूळ लोक, नूंगार, त्याला वाजेमप म्हणतात. १८३८ पासून ते बेट मूळनिवासी कैद्यांचा तुरुंग होतं. हजारो पुरुष आणि मुलगे तिथे डांबले गेले. कित्येकांचा गुन्हा इतकाच की त्यांनी आपल्याच जमिनीवर आलेली गुरं मारली. शेकडो जण तिथेच मेले आणि नोंद न ठेवलेल्या थडग्यांत पुरले गेले. त्यांच्यासाठी कुठल्या देशाने जहाज पाठवलं नाही. ‘द कॅटाल्पा’ हे स्वातंत्र्याचं गाणं म्हणून गाताना हे बेट नजरेआड करू नये.

२३. आज जाऊन काय बघता येतं?

फ्रीमँटलचा तुरुंग आज संग्रहालय आहे आणि २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे. रॉकिंगहॅमच्या किनाऱ्यावर सहा रानहंसांचं स्मारक आहे, २००५ मध्ये उभारलेलं. हंस का, तर परदेशी गेलेल्या आयरिश सैनिकांना पूर्वीपासून रानहंस म्हणत. ‘हूगूमाँ’वरच्या साप्ताहिकाचं नावही त्यावरूनच (प्रश्न ५).

२४. आणि ‘जॉर्जेट’? तिचं काय झालं?

त्याच वर्षी ती बुडाली. १ डिसेंबर १८७६ रोजी मार्गारेट नदीच्या दक्षिणेला तिच्यात पाणी भरलं. आधी सोडलेली एक होडी उलटून काही जण गेले आणि बोट किनाऱ्याजवळ लाटांत अडकली. सॅम आयझॅक्स या मूळनिवासी घोडेस्वाराने ती पाहिली, जवळच्या मळ्यावर जाऊन खबर दिली आणि सोळा वर्षांची ग्रेस बसेल व तो, दोघे घोड्यांवरून लाटांत शिरले. तासन्‌तास ये-जा करून त्यांनी माणसं वाळूवर आणली. ग्रेसला रौप्यपदक मिळालं आणि वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. आधी बोट पाहणाऱ्या आणि तितक्याच वेळा पाण्यात शिरलेल्या आयझॅक्सला कांस्यपदक मिळालं.